भांडण खरं होतं का, दत्तू?

दत्तू,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. माझं नाव दोनदा पुकारलं. गंगाधरनं कोपरानं ढोसलं, "ऊठ ना वामन, लोक बघताहेत." मी उठलो नाही. उठलो असतो तर सगळ्यांसमोर तुला शिवी दिली असती, आणि बायकांच्या बाजूला सुशीलावहिनी बसल्या होत्या.

ती शिवी अजून तोंडातच आहे. गिळवत नाही आणि थुंकवतही नाही. म्हणून आज शाळा सुटल्यावर वर्गातच थांबलोय आणि तुला लिहितोय. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. जिवंत असतास तरी वाचलं नसतंस म्हणा. "मास्तर, इतकं कोन वाचतं यार, तोंडानं सांग ना," एवढंच म्हणाला असतास.

सभेत काय काय झालं ते ऐक. आधी भोपाळहून आलेले पुढारी बोलले. त्यांनी तुला 'नये प्रदेश का सपूत' केलं आणि तुझं आडनाव चुकीचं घेतलं. मग आपल्या मराठी मंडळींतले एक वयस्कर गृहस्थ उठले. ते कशाला मागे राहतील? त्यांनी तुला मराठी बाण्याचा शिलेदार केलं. ज्या माणसानं मला "मराठी पाहिजे तर जा जळगावला" म्हणून हाकललं, त्या माणसाला! शेवटी शेतीकडचे साहेब उभे राहिले. टोळ मरून पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमधून औषधाची पोती घेऊन आले होते ना, आणि पोत्यांशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता, तेच. ते म्हणाले, दत्तात्रयजींच्या बलिदानानं शेतकरी जागा झाला.

बलिदान म्हणे. तू सकाळी विहिरीवर पाणी ओढताना गेलास. हातातला दोर सुटला आणि बादली खाली आपटली, तो आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्या आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि तुझ्याबद्दल जे खरं सांगायला हवं होतं ते एकानंही सांगितलं नाही, की हा माणूस खोटारडा होता. ते मला सांगायचं होतं.

आपण चौघं कोण होतो ते त्या सभेतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त टोळधाडीची गोष्ट माहीत. बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या आखाड्यातले 'चार वीर' म्हणून आपल्याला खंडव्यापासून रावेरपर्यंत जत्रांना बोलावणी यायची, हे आता म्हातारीकोतारीच सांगतील. तुझ्या छातीवर फळी ठेवून भरलेली बैलगाडी जायची आणि तू उठून आधी बैलाच्या कपाळावरून हात फिरवायचास. तुकाराम जत्रा सुरू झाली की असीरगढच्या पायथ्याकडे पळत सुटायचा आणि जत्रा उठायच्या आत किल्ल्याखालच्या कुठल्यातरी ओळखीच्या दुकानातला कागदात बांधलेला पेढा घेऊन परत यायचा. गंगाधर तापीच्या या काठावरून हाक मारायचा आणि पलीकडच्या काठावरच्या म्हशी माना वर करायच्या. आणि मी माकड. मल्लखांब, झाड, देवळाचा कळस, गिरणीची चिमणी, जे उभं असेल त्यावर चढणारा.

जत्रा तर नुसत्या नावाला. खरं काम जत्रेबाहेरच होतं. जिनिंग गिरणीत कापसाच्या ढिगाला आग लागली, विहिरीत कोणी पडलं, बाजारात वळू उधळला की लोक पोलिसांकडे जायच्या आधी तुझ्या दारात यायचे. पुराच्या वेळी मधल्या खडकावर अडकलेली ती बाई आठवते? शेळी सोडून यायला तयारच नव्हती. "माझी शेळी घ्या, मग मी येते." मी खडकावर चढून तिच्याशी वाद घालत बसलो होतो, पाणी चढत होतं, आणि तू पोहत येऊन एका खांद्यावर बाई आणि दुसऱ्या खांद्यावर शेळी घेतलीस. काठावर आल्यावर ती बाई तुला म्हणाली, "शेळीला घट्ट धरलंत, तिला लागलं असंल." आपण चौघं चिखलात बसून इतके हसलो की तुक्याला उचकी लागली.

म्हणून विचारतो. असं सगळं असताना तू ते मोडलंस कसं?

ती संध्याकाळ मला अक्षरशः पाठ आहे. नागपूर आपली राजधानी राहिली नव्हती, भोपाळ झाली होती. वऱ्हाड, नागपूर सगळं एकीकडे गेलं आणि आपण बुऱ्हाणपूरवाले इकडे राहिलो. शाळेत हिंदीचे तास वाढत होते, माझं डोकं रोज तापलेलं असायचं. अशात गंगाधर तहसील कचेरीतून निरोप घेऊन आखाड्यात आला. भोपाळहून मोठे पाहुणे येणार, त्यांच्या स्वागताला चार वीरांनी खेळ करून दाखवायचे.

"साहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलंय," गंगाधर म्हणाला. "नाही म्हटलं तर माझी बदली होईल, कुठं झाबुआला फेकतील."

"होऊ दे बदली," मी म्हटलं. "ज्यांनी आपल्याला आपल्या माणसांपासून तोडलं त्यांच्यापुढं मी मल्लखांबावर चढणार नाही."

"तुझं काय जातं? मास्तर आहेस, इथंच राहशील. लेकरंबाळं घेऊन मी जाऊ झाबुआला?"

तुकाराम मध्ये पडला, "जाऊ द्या ना भो, खेळच त करायचा हाये. मानसं पाहतील, टाळ्या वाजवतील, घरी जातील."

आणि आम्ही तिघंही तुझ्याकडे बघायला लागलो, नेहमीसारखे. तू कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून मानेचा घाम पुसत होतास. व्यायाम अजून सुरूही झाला नव्हता, तरी घाम पुसत होतास. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त तू उठलास आणि माझ्या तोंडासमोर बोट नाचवलंस ते दिसलं.

"तुला मराठी पाहिजे ना वामन्या? तर जा ना जळगावला! इथं कायको बसला? आणि गंगू, तुला साहेब पाहिजे, तू साहेबाच्या बंगल्यात जा. रोजची कटकट साली. आजपासून आखाडा बंद. निघा."

तुकाराम म्हणाला, "दत्तूभाऊ, मी काय केलं?"

"तूपन नीघ."

बाहेर काढून कुलूप लावलंस. आम्ही तिघं रस्त्यावर उघड्या अंगानं उभे. माझा सदरा आतच राहिला होता. तो मागायलाही मी थांबलो नाही.

पुढची दोन वर्षं तू मला टाळलंस. चौकात मी दिसलो की कापडाच्या दुकानात शिरायचास, आणि तुला कापडातलं काय कळतं रे? माझ्या मुलीच्या बारशाला वहिनी एकट्या आल्या, झबलं देऊन लगेच गेल्या. मी मनातल्या मनात तुझ्याशी रोज भांडायचो. आंघोळ करताना, फळ्यावर गणित मांडताना. भाषा म्हणजे काय आणि प्रांत म्हणजे काय, तापी आधी कोणाची आणि नंतर कोणाची, यावर माझ्याकडे असे मुद्दे तयार होते की तू ऐकले असतेस तर गप्प बसला असतास. ते सगळे मुद्दे अजून माझ्याकडे आहेत. आता कोणाला ऐकवू?

मग टोळ आले.

मी चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. तू दारात येऊन उभा राहिलास, दार भरून गेलं, पोरं गप्प झाली.

"मास्तर, सोड पोरांना."

"शाळा चालू आहे."

"टिड्डी आलीय. काल असीरगढच्या अंगाला उतरली, तिकडं झाडाला पान ठेवलं नाही. आज हवा इकडची आहे. सांजपर्यंत तापीवर येते बघ."

"मग सरकारला सांग."

"सरकारला गंगूच्या साहेबानं तार केली. सरकार येईल तेव्हा येईल." आणि मग खाली बघून म्हणालास, "तुक्याचं गाव सरळ रस्त्यात आहे वामन्या."

तुझ्यावर इतका राग होता की तू दुसरं काहीही म्हणाला असतास तर मी फळ्याकडे वळलो असतो. तुक्याचं नाव घेतलंस. मी खडू ठेवला.

तहसीलीत गंगाधर मान खाली घालून फायली चाळत होता. साहेब सोडणार नाहीत म्हणाला. तू म्हणालास, "चलतो का खुर्चीसकट उचलू?" तो हसला आणि उठला. तू नुसतं म्हणालास, दत्तू. पूर्वीचा दत्तू त्याला खरोखर खुर्चीसकट उचलून कचेरीबाहेर घेऊन गेला असता. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. लक्षात येऊ नये म्हणून तू दोन वर्षं राबला होतास.

तुक्याच्या गावात पोचलो तेव्हा माणसं देवळासमोर जमून नुसती आभाळाकडे बघत होती. नदीकाठानं केळीच्या बागा, वरच्या अंगाला कपाशी, बोंडं नुकती फुटायला लागलेली. तू देवळाच्या पायरीवर उभा राहिलास आणि सगळ्यांना कामाला लावलंस. तुक्याला काठानं पुढच्या गावांना सांगायला पळवलंस: ओला पाला जाळा, धूर करा, डबे बडवा. गंगाधरला पाण्याच्या कडेला उभं केलंस, तो पलीकडच्या काठाला ओरडून सांगत होता. मला पिंपळाच्या शेंड्यावर पाठवलंस.

वरून पहिल्यांदा ते गिरणीच्या धुरासारखं वाटलं. मग तो धूर गुलाबी दिसायला लागला, आणि मग आवाज आला, वाळलेल्या ज्वारीच्या शेतातून गुरं घुसावीत तसा. दिवसाउजेडी ऊन तांबूस झालं. कुठल्या वाळवंटात जन्मलेली ती पाखरं, त्यांना आमचा गाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, प्रांत माहीत नाही. भूक घेऊन आलेली. पहिले टोळ माझ्या तोंडावर आदळले तेव्हा मी खाली पडायचाच बाकी होतो.

"मास्तर, कोनीकडं वळतेय?" तू खालून ओरडलास.

"केळीकडं!"

गाव एकदम गरजला. ताटं, डबे, ढोल, देवळातली घंटा. काठानं धुराची भिंत उभी राहिली. टोळांचा थवा बागांवर आला, खाली झुकला, पुन्हा उठला, पुन्हा झुकला. सगळी दुपार हेच. पण संध्याकाळ होत आली तशी ती पाखरं कुठंतरी बसणार हे उघड होतं. ऊन गेलं की ती उडत नाहीत. गावकरी तुझ्याभोवती जमले आणि जो तो म्हणायला लागला, माझ्याकडं नको, माझ्याकडं नको.

तुकाराम तेवढ्यात पळत परत आला होता. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होता. तसाच म्हणाला, "माह्या कपाशीत बसू द्या. वरचं रान मोकळं हाये, चर खनता येईल."

"तुक्या, सगळं जाईल रे," तू म्हणालास.

"सगळ्याइचं जान्यापरीस माह्यं जाऊ दे."

त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. तिनं पदर खोचला आणि कुदळ आणायला गेली. वरच्या रानाकडचे डबे थांबवले, धूर विझवला. अंधारायच्या सुमाराला टोळ तुक्याच्या कपाशीवर उतरले आणि ते हिरवं रान जिवंत, गुलाबी, हलणारं झालं. आम्ही रानाच्या उताराकडच्या कडेनं चर खणत होतो. चावण्याचा आवाज येत होता. तुकाराम त्या आवाजाकडे पाठ करून खणत होता.

उजाडता उजाडता, टोळांचे पंख गारठलेले असताना, सगळ्या गावानं फांद्या घेऊन त्यांना चराकडे लोटायला सुरुवात केली. मी पुन्हा पिंपळावर, माणसांची फळी कुठं फुटतेय ते सांगायला. चर भरला. माती लोटली तरी खालून टोळ वर यायचे, मातीच हलायची. ऊन चढायच्या आत दाबले नाहीत तर उडून सरळ केळीवर जातील. कोणीतरी रस्त्याचा दगडी रूळ आणला. पण बैलांच्या तोंडावर टोळ उडत होते, बैल बिथरले, एक तर जू टाकूनच पळाला.

आणि तू म्हणालास, "सोडा बैल. दोर मला द्या."

मी वरून ओरडलो, "दत्तू, चढ आहे! पाचसहा जण लागा!"

"तू वर बघ मास्तर! खाली मी आहे!"

वरून मला सगळं दिसत होतं. छातीवरून दोर घेतलास, पुढं झुकलास, आणि रूळ हलला. चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलास आणि परत आलास. पुन्हा गेलास. गंगाधर बाजूनं चालत तुला हाका घालत होता, बायका पदरानं डोळे पुसत होत्या, पोरं नाचत होती. दत्तू, मी तुझे सगळे खेळ पाहिलेत. असं मी कधीच काही पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मी दोन वर्षांचं सगळं विसरलो होतो. तुझ्यासाठी माझा ऊर फुटायला आला होता. आणि आता कळतंय की फुटत होतं ते तुझं.

मी उतरून आलो तेव्हा तू बांधावर बसला होतास. तोंड राखेसारखं, ओठ काळे. डावा दंड चोळत होतास.

"काय झालं रे?"

"पित्त. काल तुक्याच्या घरचे मिरचीचे भजे हाणले ना."

मी लोटाभर पाणी दिलं. प्यायलास. मग म्हणालास, "वरून भारी दिसत असंल, ना?"

"हो. तुझं टक्कल दिसत होतं."

हसलास. मीही हसलो. मग एकदम माझ्या मनगटाला धरून म्हणालास, "वामन्या, ते त्या दिवसचं, आखाड्याचं..." आणि तेवढ्यात तुकाराम गूळ घेऊन आला आणि तू हात सोडलास.

ते वाक्य तिथंच राहिलं. त्यानंतर तुला कितीतरी संध्याकाळी मिळाल्या. आखाड्याचं कुलूप तू स्वतः काढलंस, माझा सदरा खुंटीला तसाच होता, जाळं धरलेला. आम्ही रोज जमायला लागलो. तू कठड्यावर बसून नव्या पोरांना शिकवायचास, स्वतः हौद्यात उतरायचा नाहीस. "आता आपन उस्ताद," म्हणायचास. गप्पा व्हायच्या, नेपानगरच्या कागदाच्या गिरणीपासून केळीच्या भावापर्यंत. तुक्यासाठी सगळ्या गावानं मिळून बियाणं काढून ठेवलं ते तू कौतुकानं चारचारदा सांगायचास. सगळं बोललास. ते एक वाक्य पुरं केलं नाहीस.

तुझी बातमी गंगाधर घेऊन आला. ज्याचा आवाज तापीपलीकडे जातो तो माझ्या ओट्यावर उभा राहून नुसते ओठ हलवत होता. मला दोनदा विचारावं लागलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावलं.

"भाऊजी, एक सांगायचं राहिलंय. त्यांनी शपथ घातली होती. आता कोणाची शपथ."

आणि सांगितलं. खंडव्याच्या डॉक्टरांचं. आपलं भांडण व्हायच्या आधल्याच आठवड्यातलं. काळीज वाढलंय, ओझं उचलायचं नाही, ओढायचं नाही, जिनासुद्धा सावकाश चढायचा.

मला आधी काही कळलंच नाही. मी विचारलं, "मग ते स्वागताचे खेळ..."

"छातीवरून गाडी घ्यावी लागली असती ना. नाही कसं म्हणणार होते? लोकांनी विचारलं असतं का म्हणून. मग तुमचं आणि गंगाधरभाऊजींचं वाजलं, त्यांना आयतंच निमित्त मिळालं. घरी येऊन म्हणाले, सुशे, झालं एकदाचं."

"मला का नाही सांगितलं, वहिनी?"

"मी म्हटलं होतं, निदान वामनभाऊजींना तरी सांगा. तर म्हणाले, वामन्यानं मला शिव्या दिल्या तर चालेल. पण तो मला 'बस दत्तू, दमशील' असं म्हणाला ना, तर मी त्याच दिवशी मरेन."

आत भांडी घासायचा आवाज येत होता.

"मला त्यांचा फार राग येतो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कणीक मळताना येतो. झाडताना येतो. आत्या म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग कोणावर रागावू? टोळांच्या दिवशी निघताना मला म्हणाले, मी काही करत नाही, नुसता उभा राहून येतो."

"रागवा वहिनी," मी म्हटलं. "मीपण रागावलोय."

तर दत्तू, आता तूच सांग. "जा जळगावला" हे तुझ्या मनातलं होतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुला माझं मराठीचं वेड मूर्खपणाचं वाटायचं, की ते हाताशी आलेलं दांडकं होतं म्हणून माझ्या डोक्यात घातलंस? खरं असेल तर मला भांडायचंय. माझे मुद्दे तयार आहेत. खोटं असेल तर मी दोन वर्षं एका माणसाशी मनात भांडत राहिलो आणि तो समोर नव्हताच. तो घरी बसून काळजाचे ठोके मोजत होता आणि मला वाटत होतं तो माझा दुस्वास करतोय. हे तू माझ्यावर लादलंस. माझी दोन वर्षं घेतलीस. तुझ्या उरलेल्या आयुष्यातली दोन.

आणि तो रूळ. तिथं अख्खा गाव उभा होता. सहा जण लागले असते तर काय बिघडत होतं? दगडाला काय फरक पडत होता कोण ओढतंय त्याचा? तुला नुसतं म्हणायचं होतं, "या रे, हात लावा." तेवढे शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. मला तुझ्या शौर्याचं कौतुक ऐकवत नाही, कारण मला माहीत आहे त्यात शौर्य किती होतं आणि लाज किती होती. लोकांना दत्तू पडलेला दिसू नये, एवढ्यासाठी तू उभा राहिलास.

पण गेल्या रविवारी मी तुक्याच्या गावाला गेलो होतो. केळीच्या बागा उभ्या आहेत. एका बागेत शिरलो. घड लोंबत होते, पाटाचं पाणी वाहत होतं, आत गार होतं. एक म्हातारी घडांना टेकू लावत होती, मला बघून म्हणाली, "तुम्ही त्या पहेलवानाचे दोस्त ना? बसा." तिनं बसायला गोणपाट दिलं. मी बसलो. तिथं मला रडू आलं. कुठंच आलं नव्हतं, तिथं आलं. तिनं काही विचारलं नाही, काम करत राहिली. निघताना मला एक घड बांधून दिला आणि मी तो घरापर्यंत खांद्यावर आणला. तुझं देणं नाकारणारा मी कोण. त्या बागा आहेत, आणि त्या आहेत याला कारण तू आहेस. हेही मला सभेत म्हणता आलं नसतं.

तेराव्याच्या दिवसाचं सांगून संपवतो. वहिनींकडून निघालो, बाहेर तुकाराम आणि गंगाधर थांबले होते. ओढ्यावरच्या लहान पुलाच्या कठड्यावर जाऊन तिघं बसलो. ऊन उतरलं होतं, खाली कोणी तरी सूत धुऊन वाळत घातलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. गंगाधर उठला, चार पावलं गेला, परत आला, म्हणाला, "हलकट आहे साला." मग खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं.

मग तुकारामनं धोतर वर करून उजवा गुडघा दाखवला. सुजून भोपळा झालेला.

"पानी हाये यात," तो म्हणाला. "टिड्डीच्या दिवशी पळलो तवापासून जास्तच. अता पळनं जमत नाही मले. कोनाले सांगलं नव्हतं."

आम्ही त्या गुडघ्याकडे बघत राहिलो. गंगाधरनं डोळे पुसले.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. म्हणून मी इतका मोठ्यानं बोलतो. बायकोलासुद्धा माहीत नाही."

तुक्या हसायला लागला. "अरे, मी तीस वर्सं तुह्या डाव्या अंगाला बसून बोलतोय!"

"म्हणून तर तुझं काही कळत नाही मला."

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळावर असताना माझा खांदा निखळला होता. उडायला लागलेल्या टोळांच्या मारानं हात सुटला तेव्हा. तुम्हाला वाटलं मी टेहळणीसाठी वर थांबलोय, मला बराच वेळ उतरताच येत नव्हतं. अजून हात डोक्याच्या वर जात नाही. फळ्याच्या वरच्या अंगाला लिहायला पोरांना उभं करतो. त्यांनी दोघांनी माझा हात धरून वर करून बघितला आणि मी ओरडलो.

कोणी घरी जायला उठेना. आता सांगायची पाळी तुझी होती.

वामन